मूळचे कोण, आलेले कोण? : मॉरिशसवरच्या काही पुस्तकांविषयी

दूरच्या ज्वालामुखी बेटांवर जाऊन लिहिलेल्या पुस्तकांची एक ठरीव घडण असते. लेखक बोटीतून उतरतो, काळ्या खडकावर त्याचा पाय घसरतो, माणसाला न भिणारे पक्षी पाहून तो हरखतो, दोन-चार फजित्या सांगून हसवतो आणि जाता जाता ‘हे सगळे आता थोड्याच दिवसांचे’ अशी हळहळ व्यक्त करतो. ही घडण मला आवडते. माझ्या कपाटातली एक फळी अशा पुस्तकांनी भरलेली आहे आणि त्यांतली बरीचशी मी एकाहून अधिक वेळा वाचली आहेत. तरीही या अंकासाठी एकाच बेटाविषयी, मॉरिशसविषयी, लिहायचे ठरवले त्याला कारण १९७७ हे साल. त्या एका वर्षात या बेटाविषयी दोन पुस्तके निघाली. एक इंग्रजीत, जेराल्ड ड्युरेलचे ‘गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स’. दुसरे हिंदीत, अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ ही कादंबरी. पहिल्यात कबुतरे, वटवाघळे, सापसुरळ्या आहेत. दुसऱ्यात ऊसमळ्यांत राबणारी हिंदुस्थानी माणसे आहेत. बेट तेच, ऊस तोच, काळा दगड तोच. पण एका पुस्तकातला रहिवासी दुसऱ्या पुस्तकात पाऊल टाकत नाही. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचायची तर इंग्रजी आणि हिंदी दोन्ही सहज वाचणारा, आणि घरी तिसरीच भाषा बोलणारा वाचक हवा. तसे वाचक आपल्या भागात घरोघर आहेत.

आधी त्या काळ्या दगडाविषयी, कारण तो आपल्याही ओळखीचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त झोतामुळे दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्या थरांची दक्षिणेकडची कड आपल्या बेळगाव भागापर्यंत येऊन थांबते. भारताचा भूखंड पुढे उत्तरेला सरकत गेला, झोत मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिला. वाटेत लक्षद्वीप-चागोसची समुद्राखालची रांग उठली, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले, आणि आज तो झोत शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. भूशास्त्रज्ञांची ही मांडणी मान्य केली, तर रत्नागिरी-साताऱ्याकडून मॉरिशसच्या मळ्यांवर गेलेला मजूर शेतातून जे दगड उचलून बाजूला रचत होता, ते त्याच्या गावच्या दगडाचेच धाकटे भावंड ठरते. मॉरिशसच्या उसाच्या शेतांतून काळ्या दगडांच्या त्या प्रचंड राशी आजही उभ्या आहेत. दुरून त्या एखाद्या पडक्या देवळाच्या पायऱ्यांसारख्या दिसतात.

आता ड्युरेल. तो मॉरिशसला गेला १९७६ मध्ये. जर्सी बेटावर त्याने प्राणिसंग्रहालय काढले होते, आणि नष्ट होऊ घातलेल्या जातींची बंदिवासात पैदास करून त्यांना पुन्हा रानात सोडायचे, हा त्याचा ध्यास होता. मॉरिशसमधून त्याला गुलाबी कबूतर हवे होते, पूर्वेकडच्या रॉड्रिग्ज बेटावरून सोनेरी वटवाघूळ, आणि उत्तरेच्या निर्मनुष्य राउंड आयलंडवरून पाली व सापसुरळ्या. म्हणजे नुसते पाहायला आलेला हा प्रवासी नव्हे. त्याला काहीतरी पकडून न्यायचे आहे, आणि ते हाती लागेल की नाही याची धाकधूक आहे. पुस्तकाला गती मिळाली आहे ती यामुळे. कबुतरे पकडण्यासाठी काळोखात, ओल्या उतारावर, टॉर्च घेऊन झाडे धुंडाळण्याचा जो प्रसंग आहे, तो वाचताना हसूही येते आणि जीवही टांगणीला लागतो. ज्या जातीचे मोजकेच जीव जगात उरले आहेत, तिच्यातला एखादा आपल्या हातून निसटून खाली दरीत गेला तर काय, ही भीती त्या विनोदाच्या तळाशी सतत असते. ड्युरेल ती बोलून दाखवत नाही आणि हसवणेही सोडत नाही. हे जमणारे लेखक फार नाहीत.

राउंड आयलंडचे प्रकरण तर माझ्या मते त्याच्या सगळ्या लेखनातले वरच्या प्रतीचे आहे. ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला हा सुळका. किनारा असा नाहीच. लाट वर आली की खडकावर उडी मारायची. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी इथे शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी रोपटी खाल्ली, मुळे गेली, माती पावसाबरोबर समुद्रात गेली. मधूनमधून ताडाच्या जातीची काही झाडे, आणि त्यांच्या आधाराने जगणारे, जगात दुसरीकडे कुठेही नसलेले सरपटणारे प्राणी. त्यांतला बिळात राहणारा बोआ साप १९७५ नंतर कुणाला दिसलेला नाही. म्हणजे ड्युरेल तिथे पोचला त्याच्या आदल्याच वर्षी त्याचे शेवटचे दर्शन झालेले. टेलफेअरच्या सापसुरळ्या मात्र भरपूर, आणि माणसाची भीती त्यांना ठाऊकच नाही. अशा जिवांपुढे बसल्यावर आपण कोण आहोत याचा थोडासा संकोच वाटतो, आणि ड्युरेलच्या गद्यात तो संकोच उतरला आहे. (बेटावरच्या शेळ्या १९७९ मध्ये आणि ससे १९८६ मध्ये संपवले गेले. त्यानंतर तिथली झाडोऱ्याची वाढ पुन्हा सुरू झाली.)

इतके चांगले म्हटल्यावर माझी तक्रारही सांगतो. ड्युरेलच्या पुस्तकात प्रत्येक प्राणी कुणा ना कुणा माणसासारखा दिसतो. कुणी निवृत्त अंमलदार, कुणी चिडखोर मावशी. उपमा मजेदार आहेत, पण त्यांची गर्दी होते. आणि माणसासारखे प्राणी इतके असताना माणसे फार थोडी. वनखात्याचे प्रमुख वहाब ओवादली हे त्यातले एक हाडामांसाचे, लक्षात राहणारे माणूस. बाकी यजमान, मदतनीस, हॉटेलातली मंडळी येतात आणि जातात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस लागलेला असतो. तो लावला कुणी, कापतो कोण, हे विचारायला गाडी थांबत नाही.

फणसाचा प्रसंगच घ्या. रॉड्रिग्जच्या वटवाघळांना आमिष म्हणून ड्युरेल पिकलेला फणस घेऊन निघतो, आणि त्या वासाने विमानात आणि मुक्कामावर जो हाहाकार उडतो त्याचे त्याने मनसोक्त वर्णन केले आहे. इंग्रज वाचक इथे खदखदून हसत असणार. मीही हसलो, पण जरा वेगळ्या कारणाने. तळकोकणातला, गोव्यातला किंवा आमच्या खानापूर-चंदगडकडचा माणूस ज्या वासाने जेवणाच्या आधीच पानावर येऊन बसतो, त्या वासापासून हा प्राण्यांवर जीव टाकणारा गृहस्थ नाक दाबून पळतो आहे! वटवाघळांचे मत मात्र आपल्यासारखेच आहे. फणस मूळचा हिंदुस्थानचा. समुद्रापलीकडून आलेला तो या बेटावर रुजला. हे फळ कुठून आले असेल, इतका एक प्रश्न ड्युरेलला पडला असता, तर त्या विनोदी प्रकरणात एक खिडकी उघडली असती.

या खिडकीचा मला आग्रह का, ते सांगायला हवे. ड्युरेलच्या आणि या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत खलनायकांची एक यादी येते. बाहेरून आलेले जीव. मॉरिशसपुरती ती यादी वाचताना मराठी वाचक चपापतो, कारण ती आपल्या परसदाराची यादी आहे. साळुंकी: फ्रेंच अमदानीत टोळांचा बंदोबस्त म्हणून नेली. शिपाई बुलबुल: १८९२ मध्ये तिथे पोचला. मुंगूस: उंदरांना आवरायला १९०० मध्ये हिंदुस्थानातून नेले, त्याने पक्षीही धरले. आपला राघू तिथे गेला आणि तिथल्या हिरव्या पोपटाच्या ढोल्या बळकावू लागला. चिचुंद्रीसुद्धा. ज्यांना आपण दाणे घालतो, ज्यांच्यावर बालगीते रचतो, ती मंडळी तिथे घुसखोर. जीवशास्त्राच्या दृष्टीने यात चूक काही नाही. ज्या पक्ष्याने लाखो वर्षे उंदीर, मांजर, माकड पाहिलेच नाही, त्याला ते एकदम पाहावे लागले की तो संपतो. डच लोक १५९८ मध्ये उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो नाहीसा झाला. त्याला माणसाच्या सोट्याइतकीच जहाजातून उतरलेली डुकरे, माकडे आणि उंदीर कारण होते.

पण ‘मूळचे’, ‘परके’, ‘घुसखोर’ हे शब्द पक्ष्यांपाशी थांबत नाहीत. सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा ‘इथले मूळचे कोण’ हा वाद निघतो आणि दोन्ही बाजूंकडे शिलालेख तयार असतात. म्हणून अशी पुस्तके वाचताना माझे कान जरा टवकारलेले असतात. मॉरिशसवर मूळची माणसे नव्हतीच. डच आले, त्यांनी मादागास्करहून गुलाम आणले; फ्रेंच आले, त्यांनी आणखी आणले; १८१० मध्ये इंग्रज आले, आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून कराराचे मजूर येऊ लागले. पुढच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. आज तो धक्का आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. अशा बेटावर पक्षी ‘मूळचा’ असू शकतो, माणूस नाही. पक्ष्याला लावलेला शब्द माणसाला लावायचा नाही, हे भान लेखकाने ठेवायचे असते. ड्युरेल तो शब्द माणसाला लावत नाही, हे खरे. पण तो माणूसच वगळतो, आणि मग वाचकाच्या मनात एक समज घर करून राहतो: पक्षी होते, जंगल होते, मग ‘गर्दी’ आली.

गंमत म्हणजे खुद्द ड्युरेलच्या पुस्तकात या शब्दांना धक्का देणारी एक गोष्ट आहे. गुलाबी कबुतरे ज्या राईत रात्रीला येत, घरटी बांधत, ती राई मूळच्या झाडांची नव्हती. वनखात्याने लावलेली ती जपानी सुरूसारखी झाडे. त्यांच्या दाट, टोचऱ्या फांद्यांत माकडांचा उपद्रव कमी. म्हणजे बेटाच्या मूळच्या पक्ष्याला अखेरच्या काळात आसरा दिला तो परक्या झाडाने. या एका गोष्टीभोवती निबंध लिहिता आला असता. ड्युरेल ती पार करून पुढच्या फजितीकडे जातो.

माणूस दिसणे अशक्य होते असेही नाही, कारण ड्युरेलच्या १४० वर्षे आधी एका निसर्गशास्त्रज्ञाला तो दिसला होता. चार्ल्स डार्विन ‘बीगल’वरून १८३६ च्या एप्रिलअखेर मॉरिशसला पोचला. दहा-अकरा दिवस राहिला. त्याच्या प्रवासवृत्तातली मॉरिशसची पाने थोडी आणि काहीशी आळसावलेली आहेत. पाच वर्षांच्या प्रवासाने तो थकलेला होता. बेटावरचा एकुलता एक हत्ती त्याला बसायला मिळाला, त्या हत्तीच्या आवाज न करणाऱ्या पावलांचे त्याला नवल वाटले. पण त्याच पानांत पोर्ट लुईच्या रस्त्यांवर काम करणारे हिंदुस्थानी कैदी आहेत. जन्मठेपेवर आलेले, सुमारे आठशे. हिंदुस्थानातली माणसे दिसायला इतकी भारदस्त असतील असे आपल्याला वाटले नव्हते, असे तो लिहितो. त्यांचे काळेसावळे चेहरे, पांढऱ्या दाढ्या तो टिपतो. या कैद्यांत मुंबई इलाख्यातून पाठवलेलेही होते. त्या वेळी आपला बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. त्या आठशेंत कुणी आपल्या बाजूचा होता की नाही ते डार्विन सांगत नाही, त्याला ते कळण्याचा मार्गही नव्हता. पण त्याने मान वर करून पाहिले. पक्ष्याची चोच मोजणाऱ्या नजरेने माणसाचा चेहराही पाहता येतो, याला एवढा पुरावा पुरे.

आता ‘लाल पसीना’. अनत यांचा जन्म १९३७ चा, मॉरिशसच्या उत्तरेकडील त्रिओलेचा. २०१८ मध्ये ते गेले. बेटावर राहून आयुष्यभर हिंदीत लिहिणारा हा लेखक. कराराच्या मजुरांच्या दोन पिढ्यांची ही कथा आहे: चाबूक, कोठडी, हजेरी, आणि त्यातून हळूहळू उभी राहणारी एकी. मॉरिशसला दगड उलटले की खाली सोने मिळते, असे सांगून दलालांनी माणसे नेली, ही आठवण तिथल्या हिंदी वंशाच्या घरोघर सांगितली जाते. अनत यांच्या कादंबरीत दगड उलटत राहतात. ड्युरेलच्या पानांवर जो खडक निसर्गाची विलक्षण कलाकृती होता, तो इथे पाठीचा कणा मोडणारे ओझे आहे. दोन्ही खरे आहे, आणि दुसरे वाचल्याखेरीज पहिले पुरते कळत नाही.

कादंबरी म्हणून ‘लाल पसीना’ निर्दोष नाही. पात्रे पुष्कळदा भाषणे करतात. गोरा वाईट आणि मजूर चांगला, ही विभागणी बरीच सरळ आहे. आणि मला सर्वांत खटकली ती निराळीच गोष्ट. या माणसांच्या भोवती जे रान होते, ते कादंबरीत जवळजवळ नाही. एकोणिसाव्या शतकात मजूर आले तेव्हा बेटावर अजून बरेच जंगल शिल्लक होते. एबनीची झाडे होती, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या गोत्रातली. तांबालाकोक होते, म्हणजे बकुळ-मोहाच्या कुळातले. ते जंगल साफ करून ऊस लावला गेला, आणि साफ करणारे हात याच माणसांचे होते. आज मूळचे चांगले जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. कोकणातून आलेल्या माणसाने बकुळीसारखे झाड ओळखले नसेल का? कुऱ्हाड घालताना क्षणभर थांबला नसेल का? हा प्रश्न अनत यांना पडत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने भूमी म्हणजे मालकाची भूमी. मजुराला दुःख आहे, नजर नाही. ड्युरेलने माणूस गाळला, अनतांनी रान गाळले. दुसऱ्या चुकीला मी अधिक माफ करतो, कारण मार खाणाऱ्याने पक्षी पाहावेत ही अपेक्षा पोट भरलेल्या वाचकाची आहे. तरी ती अपेक्षा मी सोडत नाही.

या दोन पुस्तकांनंतर तेरा वर्षांनी, १९९० मध्ये, डग्लस अ‍ॅडम्स आणि मार्क कारवर्डाइन यांचे ‘लास्ट चान्स टू सी’ आले. बीबीसीच्या नभोवाणी मालिकेवरून झालेले हे पुस्तक. अ‍ॅडम्स विनोदी कादंबरीकार, प्राण्यांविषयी अडाणी. आणि तो अडाणीपणाच त्याने लेखनाचे साधन केला आहे. ड्युरेलचा विनोद प्राण्यांवर आणि स्वतःवर असतो, अ‍ॅडम्सचा माणूस नावाच्या जातीवर. मॉरिशसच्या प्रकरणात त्याला कार्ल जोन्स भेटतो: १९७९ पासून बेटावर राहिलेला, उंच, तिरसट, वेल्सकडचा पक्षीतज्ज्ञ. केस्ट्रेल जातीचा तिथला छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरला होता. जोन्सने मादीची पहिली अंडी उचलायची, कृत्रिम ऊब देऊन उबवायची, तोवर मादी दुसरी अंडी घालते, असा कोंबडीवाल्यासारखा हिशेब लावला आणि पक्षी वाढवले. अ‍ॅडम्सने हा माणूस सुरेख उभा केला आहे.

पण त्याच प्रकरणात रॉड्रिग्जच्या कॅफे मारोन नावाच्या झुडपाची गोष्ट येते. नष्ट झाले असे समजले गेलेले हे झुडूप १९८० मध्ये एका शाळकरी मुलाला सापडले. जगात एकच. त्याला कुंपण घातले. कुंपण घातले म्हणताच लोकांना वाटले, यात काहीतरी गुण असणार; आणि औषध म्हणून फांद्या तोडल्या जाऊ लागल्या. मग आणखी कुंपण. अ‍ॅडम्स हे फार मजेत सांगतो आणि वाचक बेटवाल्यांच्या खुळेपणावर हसतो. मला ते हसू पुरते घेता आले नाही. ज्या झाडाला पार बांधला ते झाड गुणाचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. कोकणातल्या, गोव्यातल्या देवराया टिकल्या त्या याच समजुतीवर. पार पाहून हात जोडणारा समाज आणि कुंपण पाहून फांदी तोडणारा समाज यांत फरक कशाने पडतो? झाड कुणाचे आहे असे त्या माणसाला वाटते, त्याने पडतो, असे मला वाटते. रॉड्रिग्जचा माणूस त्या झुडपाकडे सरकारी वस्तू म्हणून पाहत होता. अ‍ॅडम्स इथे थांबला असता तर विनोदाचे काही बिघडले नसते. (त्या झुडपाची एक फांदी १९८६ मध्ये लंडनच्या क्यू बागेत नेली. तिला फुले येत, बी धरत नसे. २००३ मध्ये ते धरले.)

इंग्रजांना इतके बोलल्यावर आपल्या घरातही डोकावायला हवे. मॉरिशसवर मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ आहेत. दिवाळी अंकांतूनच मी डझनभर वाचली असतील. समुद्राचे रंग, शामारेलची सप्तरंगी माती, आणि गंगातलाव. गंगातलाव हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेले तळे आहे, पण हे एखाद-दुसराच लेखक सांगतो. तिथे महादेव आहे, महाशिवरात्रीला लोक पायी कावड घेऊन येतात, हे सगळे भक्तिभावाने येते. मग माकडे येतात. ‘इतक्या दूरही मारुतीरायाची सेना’ म्हणून त्यांना केळी दिली जातात, फोटो छापला जातो. ही माकडे जावाकडची. डचांच्या किंवा त्यांच्या आधीच्या जहाजांतून आलेली. गुलाबी कबुतराची अंडी आणि पिल्ले खाणाऱ्यांत ती अग्रभागी. ड्युरेलला मजूर दिसला नाही. आमच्या प्रवाशाला कबूतर दिसत नाही. नजरेचा दोष समान आहे.

त्यानंतर हमखास येते ते तिथल्या मराठी माणसाचे प्रकरण. जाखडी, गणपती, मराठी शाळा. आणि शेवटी एक हुंदका: भाषा घरात उरली नाही, क्रिओल बोलतात, मराठीचा डोडो होणार! ही उपमा मी इतक्यांदा वाचली आहे की ती बंद व्हावी असे मनापासून वाटते. आपल्या सीमाभागातल्या मराठीलाही ती लावली जाते. उपमा चुकीची आहे. डोडोला दुसरे काही होता आले नाही. तो मारला गेला. रत्नागिरीकराचा पणतू क्रिओल बोलतो तेव्हा तो मेलेला नसतो. तो गणपतीत आरती म्हणतो, बाजारात क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. आमच्याकडेही नात आजीशी मराठीत भांडते आणि मैत्रिणीशी कानडीत गुजगोष्टी करते. यात हानी आहे का? आहे. पण ती हानी मोजायला पक्ष्यांची शिरगणती उपयोगी नाही. डोडोला आपले अश्रू हवेच असतील तर त्याची खरी आठवण आपल्याजवळ आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६३० च्या आसपास सुरतेच्या वखारीत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि जहांगीराच्या चित्रकाराने, बहुधा उस्ताद मन्सूरने, जिवंत डोडो पाहून काढलेले मानले जाणारे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. डोडोच्या पोटावरच्या रंगांसाठी अभ्यासक अजून त्या चित्राकडे जातात. यावर मराठीत एखादा चांगला निबंध व्हावा.

पुस्तके छापून झाल्यावर बेट तिथेच थांबले नाही, आणि त्यावरून पुस्तकांचे मोल पुन्हा तपासता येते. गुलाबी कबुतरे १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरली होती. आता चारशेच्या वर आहेत. हिरवे पोपट काही शेकड्यांत गेले. रॉड्रिग्जची वटवाघळे सत्तरच्या दशकात शंभराच्या घरात होती, ती हजारोंवर गेली. ड्युरेलचा हट्ट खरा ठरला, हे त्याच्या टीकाकारानेही मान्य केले पाहिजे. त्याहून मोठी गोष्ट अशी की जर्सीला प्रशिक्षणासाठी गेलेला पहिला विद्यार्थी मॉरिशसचाच होता. यूसुफ मुंगरू १९७७ मध्ये तिथे गेले, आणि १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा त्याचे पहिले संचालक झाले. म्हणजे ज्या वर्षी ते दोन पुस्तकांचे जग वेगळे छापले गेले, त्याच वर्षी एका माणसाने ते आपल्यापुरते जोडायला घेतले होते. दुसरीकडे, मॉरिशसच्या मुख्य बेटावरच्या निराळ्या जातीच्या वटवाघळांना लिची-आंब्याच्या बागाइतदारांच्या तक्रारीवरून २०१५ पासून सरकारने हजारोंनी मारले. पक्षीप्रेमी एका बाजूला, फळांवर घर चालवणारी कुटुंबे दुसऱ्या बाजूला. इथे ड्युरेल पुरत नाही आणि अनतही पुरत नाहीत.

आणि २०२०. त्या वर्षी २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेयेला प्रवाळावर चढले, आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल खाडीत पसरले. जवळच्या इल ओ एग्रेत या प्रवाळी बेटावर गुलाबी कबुतरे आणि टेलफेअरच्या सापसुरळ्या नव्याने वसवलेल्या होत्या. आसपासच्या बेटांवरच्या काही सापसुरळ्या आणि पाली विमानाने जर्सीला नेल्या गेल्या. आणि किनाऱ्यावर हजारो माणसे जमली, कुणी न बोलावता. कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत उसाचा वाळलेला पाला ठासून भरला, त्या एकमेकांना बांधून पाण्यावर सोडल्या आणि तेल अडवले. ज्या उसासाठी रान गेले त्याच उसाचा पाला. आणि तो भरणारे हात पिढ्यांपूर्वी ऊस कापायला आणलेल्यांच्या वंशातले, गुलामांच्या वंशातले, बागाइतदारांच्याही. त्या दिवसांवर कुणी नीट पुस्तक लिहिले असल्यास ते माझ्या पाहण्यात नाही. लिहिले गेले तर बहुधा क्रिओलमध्ये लिहिले जाईल. कुणीतरी भाषांतर करावे. मराठीत नाही जमले, तर हिंदीत केले तरी आम्हाला चालेल.